गणपतीत आलेलं टेन्स मशीन: कोकणच्या दमट हवेत किती चालतं, कशाला चालतं

गणपतीला गावी येताना चाकरमानी मुलगे-सुना आईवडिलांसाठी हल्ली एक छोटं मशीन घेऊन येतात. मोबाइलएवढा डबा, दोन वायरी, चार चिकट पॅड, आणि खोक्यावर गुडघा धरून हसणारे आजोबा. कुणी त्याला ‘करंटचं मशीन’ म्हणतं, कुणी ‘शेकाचं’, जरी त्यात शेक अजिबात नसतो. गौरी जाईपर्यंत घरातले सगळे आळीपाळीने लावून बघतात. नवरात्रात पॅड चिकटेनासे होतात. शिमग्याला पालखी दारात येते तोवर मशीन कपाटात, बंद पडलेल्या बीपीच्या मशीनशेजारी.

हे परीक्षण त्या मशीनचं आहे. एखाद्या कंपनीचं नव्हे, तर टेन्स (विजेच्या झटक्यांनी दुखणं बोथट करणं) आणि ईएमएस (विजेने स्नायू आवळायला लावणं) अशी दोन्ही कामं एकात देणाऱ्या दोन चॅनेलच्या, म्हणजे दोन स्वतंत्र वायरींच्या, घरगुती यंत्रांचं. हजार-दीड हजारापासून पाच-सहा हजारांपर्यंत ती मिळतात, आणि आतला कारभार बहुतेकांचा सारखाच असतो. फरक पडतो तो पॅड, वायर आणि सेटिंगमध्ये.

निकाल आधीच सांगतो. दुखणं तेवढ्यापुरतं बोथट करायला: ठीक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर झोपी गेलेला मांडीचा स्नायू जागा करायला, फिजिओने एकदा हात धरून दाखवलं असेल तर: चांगलं. झिजलेली गादी भरून काढायला, साखर उतरवायला, पोट आत घ्यायला: शून्य. यापैकी तिसऱ्या कारणासाठी घेत असाल तर त्या पैशांत खळ्यातून उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्यांना एक पक्का कठडा बसवून घ्या. गुडघ्यांना त्याचा उपयोग जास्त.

एका डब्यात दोन मशीनं

टेन्स आणि ईएमएस यांत लोक सर्रास गल्लत करतात, आणि बऱ्याच कंपन्यांची माहितीपत्रकं ती गल्लत मिटवायच्या फंदात पडत नाहीत. टेन्सचं काम मज्जातंतूशी. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी वेदनेचा ‘गेट’ सिद्धांत मांडला. स्पर्शाचे जाड तंतू जोरात बोलू लागले की दुखण्याचा संदेश मज्जारज्जूतल्या दारावरच अडतो, असा त्याचा गाभा. कोपर आपटलं की आपण नकळत चोळतो, तेच काम टेन्स विजेच्या बारीक झटक्यांनी करतं. मशीन चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळ आराम, मग दुखणं हळूहळू परत. दुरुस्ती काहीच होत नाही.

ईएमएस स्नायूला आकुंचन पावायला लावतं. मांडी डोळ्यांदेखत घट्ट होते, सुटते, पुन्हा घट्ट होते. मुंग्या आल्यासारखं वाटतंय पण स्नायू हलत नाही, तर ते ईएमएस नव्हे, फार तर महागडी गुदगुली.

आता कटू भाग. गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरावं का, यावर मोठ्या संस्थांचं मत प्रतिकूल आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना गुडघ्याच्या झिजेत टेन्स वापरू नये असं ठामपणे सांगतात. उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2022 मध्ये झिजेच्या रुग्णांना टेन्स, अल्ट्रासाऊंड, इंटरफेरेन्शियल (विजेचाच आणखी एक उपचार) यांपैकी काहीच देऊ नये असं म्हटलं, कारण पुरेसा पुरावा नाही. म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात ‘दहा दिवस मशीन लावा’ म्हणून जे लावलं जातं, त्यातलं बरंचसं या यादीत येतं. दुसऱ्या बाजूला, 2022 मध्येच बीएमजे ओपन या नियतकालिकात 381 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्यात टेन्स चालू असताना किंवा लगेच नंतर दुखणं कमी होतं, असा मध्यम खात्रीचा निष्कर्ष निघाला. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. तेवढ्यापुरता आराम मिळतो, पण गुडघा सुधारत नाही. आणि व्यायाम करावा याबद्दल मात्र दोन्ही संस्थांचं एकमत आहे.

यातून वापराची एकच शहाणी रीत निघते. टेन्स पडून राहून लावायचं नाही. लावायचं ते हालचालीआधी आणि हालचाल करताना. पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढून देवळात जायचंय, व्यायामाचा पहिला अर्धा तास दुखतो, बाजारात उभं राहायचंय, अशा वेळी मशीन कमरेला अडकवून. पोफळीच्या बागेतल्या खाटेवर लावून झोपलात तर आरामाचा सगळा वेळ झोपेत वाया.

घेताना काय बघायचं

माहितीपत्रकात तीन आकडे शोधा: वारंवारता (सेकंदाला किती झटके) हर्ट्झमध्ये, स्पंदाची रुंदी (एक झटका किती वेळ टिकतो) मायक्रोसेकंदांत, आणि प्रवाह मिलिअँपिअरमध्ये. ‘24 मोड, 40 लेव्हल’ एवढंच लिहिलं असेल आणि मोडची नावं मसाज, कपिंग, ठोकणे, मळणे अशी असतील, तर ते खेळणं आहे. त्या चाळिसातली विसावी लेव्हल म्हणजे किती प्रवाह, हे बनवणाऱ्यालाच सांगता येत नाही आणि फिजिओने सांगितलेलं सेटिंग त्यावर लावता येत नाही. वारंवारता 2 ते 100 हर्ट्झच्या दरम्यान बदलता यावी, स्पंद 50 ते 300 मायक्रोसेकंदांपर्यंत जावा, प्रवाह 500 ओहमच्या भारावर (म्हणजे मोजताना अंगाऐवजी धरलेल्या विजेच्या अडथळ्यावर) साधारण 80 मिलिअँपिअरपर्यंत मिळावा. ईएमएससाठी चालू-बंद वेळ आणि चढण (हळूहळू वाढत जाणारा प्रवाह) वेगवेगळे लावता आले पाहिजेत. चढण नसेल तर स्नायूला दर वेळी लाथ बसल्यासारखं वाटतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी मशीन लावत नाही.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे खोक्यावर लायसन्स नंबर असायला हवा: देशात बनलेल्यावर ‘एमएफजी/एमडी’ने सुरू होणारा, बाहेरून आलेल्यावर ‘आयएमपी/एमडी’ने. ‘वेलनेस’, ‘रिलॅक्सेशन’ अशा शब्दांआड लपून नंबर टाळलेला असेल तर परत करा.

दुकानातच किंवा खोका उघडल्या उघडल्या एक सोपी चाचणी होते. 2 हर्ट्झ लावा, पॅड हाताच्या कोपराखालच्या भागावर, आणि घड्याळात 10 सेकंद टिचक्या मोजा. वीस यायला हव्यात. अठरा-बावीस चालतील, पंधरा किंवा तीस आल्या तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास कशाला ठेवायचा? मग एक चॅनेल बंद ठेवून दुसरं वाढवा. बंद चॅनेलच्या पॅडखाली काही जाणवलं तर दोन्ही बाजू आतून नीट वेगळ्या नाहीत. असं मशीन घेऊ नये.

वायरीचं टोक बघणं लोक विसरतात आणि नंतर पस्तावतात. पॅडला शेपटी असते आणि तिच्यात 2 मिलिमीटरची पिन जाते, हा प्रकार घ्या. दुसरा प्रकार टिचबटणाचा. पिनवाल्याला कुठल्याही कंपनीचे पॅड चालतात, कार्बन रबराचेही. टिचबटणवाल्याला त्याच्याच मापाचे शोधत बसावं लागतं, आणि कुडाळ-कणकवलीच्या मेडिकलमध्ये ते मिळतीलच असं नाही. बिनवायरीचे, थेट पॅडवर बसणारे, मोबाइल ॲपवर चालणारे नवे नमुने दिसायला छान आणि कमरेला सुटसुटीत. पण त्यांचे पॅड महाग, खास, आणि ॲप चालवायला घरात एक तरुण माणूस लागतो, जो गणपती संपले की कोकणकन्येने परत मुंबईला.

पॅड, घाम आणि खोबरेल

‘मशीन बिघडलं’ अशी तक्रार आली की आधी पॅड बघायचा. कोकणात तर आधी त्वचा बघायची.

चिकट पॅडचा गोंद म्हणजे पाणी धरून ठेवणारी जेली. कोरड्या प्रदेशात ती वाळते. आपल्याकडे उलट: जून ते सप्टेंबर ती हवेतलं पाणी पिऊन फुगते, लोचट होते, कडेने सुटते. पाकिटावर 20-30 वापर लिहिलेले असतात. पावसाळ्यात त्याहून बरेच आधी पॅड जातात, हे धरूनच चाला.

त्यात भर तेलाची. कुठलंही दुखणं आलं की खोबरेल चोळायचं ही आपली सवय, आणि ती वाईट नाही. पण तेल वीज वाहून नेत नाही. तेलाच्या पापुद्र्यावर पॅड ठेवला की प्रवाह मिळेल त्या कोरड्या ठिपक्यातून घुसतो आणि तिथे सुई टोचल्यासारखं होतं. माणूस म्हणतो ‘करंट फार जोरात आहे’, प्रवाह कमी करतो, मग काहीच जाणवत नाही. शिवाय तेल जेलीत शिरलं की पॅड कायमचा गेला. धुऊन उपयोग नाही. बामचा प्रकार आणखी वाईट. मेंथॉलने त्वचा आधीच चुरचुरत असते, वर पॅड बसला की लाल चट्टा. क्रम उलटा करा: मशीन सकाळी अंघोळीनंतर, तेल-बाम रात्री निजताना.

सकाळी म्हणजे हे असं: जागा साबणाने दोनदा धुवायची, नुसत्या पाण्याने तेल जात नाही. टॉवेलने टिपून पंख्याखाली पाच मिनिटं बसायचं, घाम पूर्ण सुकेपर्यंत. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने ताजं तासलं तर त्वचा पोळते. पॅड मधून चिकटवत कडेकडे दाबत जायचं, हवा अडकू द्यायची नाही. काढताना पॅडची कड धरायची, शेपटी ओढायची नाही. आतली बारीक तार तिथेच तुटते.

कड सुटण्याकडे दुर्लक्ष का करू नये, याचा हिशेब सोपा आहे. 5 बाय 5 सेंटीमीटरचा पॅड म्हणजे 25 चौरस सेंटीमीटर. अर्धा उचलला गेला की 12.5 उरले. बरीच मशीनं प्रवाह स्थिर ठेवतात, म्हणजे तेवढाच प्रवाह निम्म्या जागेतून जातो आणि त्या जागेवर तीव्रता दुप्पट. टोचतं म्हणून हाताने पॅड दाबावा, तर एकदम झटका. आधी मशीन शून्यावर आणायचं, मग पॅडला हात लावायचा.

पावसाळ्यासाठी आमची स्पष्ट शिफारस: चिकट पॅड बाजूला ठेवा, कार्बन रबराचे काळे पॅड आणि सोनोग्राफीची जेल घ्या. दिसायला जुनाट, पण दमट हवेचं त्यांना काही वाटत नाही. 5 बाय 5 च्या पॅडवर जेलचा एक मिलिमीटर थर पुरतो, म्हणजे अडीच मिलिलिटर, साधारण अर्धा चमचा. दोन पॅडना 5 मिलिलिटर धरलं तर 250 मिलिलिटरच्या बाटलीत 50 वेळा होतं. जेल कडेबाहेर ओघळू द्यायची नाही. शेजारच्या पॅडच्या जेलला भिडली की प्रवाह कातडीवरूनच निघून जातो, आत पोचतच नाही. वरून वेल्क्रोचा रुंद इलॅस्टिक पट्टा, बोट जाईल इतका सैल. झाल्यावर पॅड साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. चकाकी येऊन रबर कडक झालं की बदलायचे.

मांडीचा स्नायू: या मशीनचं खरं काम

गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त घटते. तो सुकतो हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण म्हणजे मेंदू त्याला पुरता हुकूमच देत नाही. सुजलेल्या सांध्याकडून आलेले संदेश तो हुकूम अडवून धरतात. म्हणून रुग्ण मनापासून ‘पाय उचल’ म्हणतो आणि टाच गादीवरून सुटत नाही. इथे ईएमएस उपयोगी पडतं, कारण ते मेंदूला वळसा घालून स्नायूच्या नसेलाच हाक मारतं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ऑपरेशननंतर 48 तासांनी सुरुवात करून दिवसातून दोनदा, दर वेळी 15 आकुंचनं, सहा आठवडे दिली. नुसत्या नेहमीच्या फिजिओपेक्षा ताकद आणि चालणं दोन्ही सरस राहिलं. घरी करायचा साचा हाच धरता येतो. टाके निघेपर्यंत आणि सर्जनने हो म्हणेपर्यंत आपल्या मनाने सुरू मात्र करू नये.

पॅड मोठे हवेत, 5 बाय 9 सेंटीमीटरचे. मशीनसोबत येणारे 4 बाय 4 चे मांडीला पुरत नाहीत. एवढ्याशा जागेतून एवढा प्रवाह गेला की स्नायू आवळण्याआधी कातडीच ओरडते. एक पॅड गुडघ्याच्या वाटीच्या वर चार बोटं, आतल्या अंगाला तिरका. दुसरा मांडीच्या वरच्या तिसऱ्या भागात, बाहेरच्या अंगाला. काळी वायर खालच्या पॅडला. ज्या मशीनचा प्रवाह दोन्ही दिशांना सारखा नसतो, त्यात काळ्या बाजूचा जोर जास्त असतो.

बसायचं खुर्चीत, गुडघा थोडा पुढे, पाय खुर्चीच्या पायाला पट्ट्याने अडकवून, म्हणजे स्नायू आवळला तरी पाय उडणार नाही. सेटिंग 50 हर्ट्झ, 300 मायक्रोसेकंद, चढण 2 सेकंद, चालू 10 सेकंद (चढण धरून), बंद 50 सेकंद. पंधरा आकुंचनं म्हणजे बरोबर 15 मिनिटं. बंद वेळ 50 सेकंद बघून लोक वैतागतात आणि 10 करून टाकतात. मग पाचव्या आकुंचनाला स्नायू दमतो आणि उरलेली दहा वाया जातात. दोन-तीन आठवड्यांनी 30 वर आणता येतं. प्रवाह सोसेल तेवढा जास्त. ‘छान वाटतंय’ इथे थांबलात तर ताकद येणार नाही. आणि मशीन आवळेल तेव्हा स्वतःही आवळायचं. ते विसरलात तर पाय मशीनचा झाला, तुमचा नाही.

पहिल्या दोन दिवसांत मांडी दुखेल, भातलावणीच्या दुसऱ्या दिवशी कंबर दुखते तशी. ते चालेल. पोटरी दुखून सुजली, गरम लागली तर मशीन बंद आणि लगेच डॉक्टर, कारण शिरेत गुठळी असू शकते. आत धातूचा सांधा असल्याने भीती वाटते, पण टेन्स-ईएमएसला धातूच्या सांध्याची अडचण नसते. शॉर्टवेव्ह डायथर्मीला असते. ती वेगळी मशीन, ती खरोखर आत उष्णता करते.

उपयोग होतोय की नाही ते दुखण्यावरून ठरवू नका. 43 सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी, आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्याप्रमाणे 65 ते 69 वयाच्या बाईला अकरापेक्षा आणि पुरुषाला बारापेक्षा कमी येत असेल तर पडण्याचा धोका. आपल्याकडे जमिनीवर बसून विळीवर नारळ खवणाऱ्या आजीला हा आकडा सहज जमावा असं वाटतं, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो: ती हात टेकून उठत असते. दर रविवारी मोजून कॅलेंडरच्या मागे लिहा. सहा आठवड्यांत आकडा हलला नाही तर चूक सेटिंगमध्ये, पॅडमध्ये किंवा निदानात.

झिजेच्या साध्या दुखण्यात, ऑपरेशन झालेलं नसताना, ईएमएसपेक्षा पायाला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करणं आणि खुर्चीतून ऊठबस हेच आधी. एक किलो वाळू, जुन्या पँटचा पाय, दोन्ही टोकांना शिवण.

कंबर, खांदा

भातलावणीत धरलेल्या कमरेला टेन्सचा उपयोग बऱ्यापैकी होतो. मणक्यावर पॅड लावायचे नाहीत, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर उभे; एक चॅनेल डावीकडे, एक उजवीकडे. 80 ते 100 हर्ट्झ, 150 ते 200 मायक्रोसेकंद, जोरात पण सुसह्य, 30 मिनिटं. रोज तेच सेटिंग ठेवलं की चार-पाच दिवसांत शरीर सरावतं आणि आराम कमी होतो. एक दिवस 100, दुसऱ्या दिवशी 4 हर्ट्झ असं आलटून पालटून, आणि प्रवाह रोज थोडा वर. पायात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप यांपैकी काही असेल तर ते टेन्सचं दुखणं नव्हे. थेट हॉस्पिटल.

जखडलेल्या खांद्याला टेन्स फक्त ताण देण्याआधीची सोय म्हणून. दारावरून कप्पी आणि दोरी लावून हात ओढत नेण्याचा व्यायाम जास्त कामाचा, आणि विहिरीच्या जुन्या रहाटाची छोटी कप्पी बहुतेक घरांत पडलेली असतेच.

लकव्यानंतर लोंबणारं पाऊल

या कामासाठी हे मशीन घेऊ नका. पाऊल उचलण्याच्या नसेला चालताना नेमक्या क्षणी वीज देण्याची कल्पना लायबर्सन यांनी 1961 मध्येच वापरली होती, टाचेखाली बटण ठेवून: टाच उचलली की वीज, टेकली की बंद. आजची फूट-ड्रॉप यंत्रं हाच खेळ सेन्सरवर खेळतात, म्हणून ती महाग. घरगुती ईएमएसला तुमची टाच कुठे आहे हे कळत नाही. ते दहा सेकंद उचलेल आणि दहा सेकंद सोडेल, तुम्ही त्या वेळी पायरीवर का असेनात. बसून स्नायू जागा ठेवायला चालेल, चालताना मुळीच नाही. त्याऐवजी प्लॅस्टिकची एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारी पट्टी, मापाने करून घ्या. कोकणात ती घातल्यावरही एक अडचण राहते: घरात अनवाणी, खळ्यात शेवाळ. एएफओचा तळ गुळगुळीत असतो. खाली रबरी पत्रा चिकटवल्याशिवाय पावसाळ्यात बाहेर पडू नये.

कुणी लावूच नये

छातीत पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर नाही. गरोदर बाईच्या पोटा-कमरेवर नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर, छातीच्या आरपार कुणीच नाही. कॅन्सरच्या जागेवर, शिरेत गुठळी असताना, जखमेवर नाही. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मधुमेह्यांसाठी वेगळं सांगावं लागतं, कारण पायाखाली ठेवायच्या ‘ईएमएस फूट मॅट’ त्यांनाच गळ्यात मारल्या जातात. रक्ताभिसरण, नसा, साखर, सगळ्याची हमी जाहिरातीत. पाऊल बधिर असेल तर प्रवाह किती झाला हे कळतच नाही, लेव्हल वाढत जाते, आणि भेगा पडलेल्या टाचेला चटका बसला तरी पत्ता नाही. कुठेही पॅड लावण्याआधी डोळे मिटून पेन्सिलीचं टोक आणि कापूस यांतला फरक त्या जागी सांगता येतो का ते बघा. सांगता येत नसेल तर तिथे वीज नको.

मशीन लावून स्कूटर चालवणं, माडावर चढणं, कोयती हातात घेणं, झोपणं: नको. चार्जिंगला लावलेलं असताना वापरणं तर कधीच नको. स्वस्त चार्जर आणि जुन्या घरातलं अर्थिंग या जोडीचा भरवसा नाही. लाईट गेली तरी अडत नाही, बॅटरीवरच चालतं, ही त्यातली सोय.

बंद पडलं म्हणजे काय झालं

काहीच जाणवत नाही: दोन्ही पॅड दुसऱ्या चॅनेलच्या वायरला लावा. आता जाणवलं तर पहिली वायर किंवा चॅनेल गेलं, तिथेही नाही तर बहुधा पॅड मेले. वायर नेहमी पिनपाशी किंवा मशीनच्या भोकापाशी तुटते. गुंडाळून रबर लावायच्या सवयीने. सैल वेटोळं करून ठेवावी. पिनेवर हिरवट बुरशीसारखं दिसतं तो तांब्याचा गंज, खाऱ्या वाऱ्याचा प्रसाद. मालवण, वेंगुर्ले, मुरूडसारख्या अगदी किनाऱ्यालगतच्या घरांत तो एका पावसाळ्यात येतो. कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन पुसा, वाळू द्या. मध्येच प्रवाह कमी-जास्त होतो: बॅटरी उतरली किंवा पिन सैल. लाल चट्टा पॅडच्या मापाचा: गोंदाची ॲलर्जी, कार्बन पॅडवर या. चट्टा एका ठिपक्यावर: तिथे पॅड टेकला नव्हता किंवा तेल होतं.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत सुकी मासळी आणि पापड डब्यांत भरताना या मशीनचाही डबा भरायचा. मशीन, वायरी आणि सिलिका जेलची पुडी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. चिकट पॅड त्यात ठेवू नका, ही चूक बहुतेक जण करतात: सिलिका मशीन वाचवते आणि पॅडची जेली पापडासारखी वाळवते. पॅड त्यांच्या प्लॅस्टिकच्या कागदावर चिकटवून, झिपच्या पाकिटात, फ्रिजच्या दारात. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. 9 व्होल्टचा सेल असेल तर काढून ठेवा. चार्जिंगवालं असेल तर अर्धं भरून ठेवा आणि दर महिन्याला एकदा चालू करून बघा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी चार महिने पडून राहिली की पुन्हा उठेलच असं नाही. आणि मुंबईहून पुढच्या वेळी कुणी येणार असेल तर मिठाईऐवजी 5 बाय 9 च्या पॅडची दोन पाकिटं मागवा, पिनवाली, टिचबटणाची नव्हेत.